रेव्हरंड टिळकांनी काय सोडले

आपल्या जिल्ह्यातील लहानमोठ्या मंडळ्यांत रविवारच्या उपासनेस जी मराठी गीते गाइली जातात, त्यांतील पुष्कळ गीते एकाच गृहस्थांनी रचिलेली आहेत, ही गोष्ट गाणाऱ्या सर्वांस ठाऊक असतेच असे नाही. शाळेत जाणारी मुले हेच नाव निराळ्या ठिकाणी वाचतात. फुलांची व मुलांची गोड काव्ये लिहिणारे कवी म्हणून पाठ्यपुस्तकांतून त्यांची ओळख होते. कित्येक भोळे वाचक तर त्यांस लोकमान्य टिळकच समजतात! आडनाव एक, प्रांत कोकण एक, काळही बहुतेक एकच. तेव्हा असा घोटाळा होणे साहजिक आहे. लोकमान्यांनीही आपल्या मतासाठी तुरुंग सोसला, त्यांची थोरवी निराळी. परंतु ज्या दुसऱ्या टिळकांविषयी आज आम्ही लिहीत आहोत, त्यांनी लोकांची मान्यता हाती आलेली असता ती दोन वेळा आपण होऊन खाली ठेविली. एकदा आपल्या जातीपुढे आणि एकदा आपल्याच ख्रिस्ती मंडळीपुढे. पहिल्या त्यागाची हकीकत आपण अनेकदा ऐकतो. दुसऱ्याची फारशी कोणी सांगत नाही.

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म १८६१ सालच्या डिसेंबर महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मणाच्या घरी झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कडक. मुलाच्या काव्याच्या नादाची त्यांस चीड असे. आई जानकीबाई सौम्य, भाविक आणि गाण्याओव्यांची आवड असलेली. टिळकांच्या ठायी जे कोमल होते ते आईकडून आले आणि जे हट्टी होते ते बहुधा वडिलांकडून, असे त्यांचे पुढील चरित्र पाहिल्यावर वाटते. आई लवकर वारली. नारायण तेव्हा अकराबारा वर्षांचा होता. घरावरील त्याचे चित्त उडाले व तो नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्याने संस्कृताचा अभ्यास केला. इंग्रजी शाळा थोडीशीच झाली. बाकीची विद्या त्याने स्वतःच्या वाचनाने मिळविली.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले ह्यांच्या मनकर्णिका नावाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. वधू अकराबारा वर्षांची होती. सासरी तिचे नाव लक्ष्मी असे ठेविले. ह्या लक्ष्मीबाईंचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे जी किंमत द्यावी लागली तिचा मोठा हिस्सा त्यांच्या पदरी पडला.

लग्नानंतरची दहाबारा वर्षे टिळक एका ठिकाणी स्थिर राहिले नाहीत. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा कोणाच्या छापखान्यात. कधी घरी न सांगता निघून जावयाचे, कधी अकस्मात परत यावयाचे. पैसा हाती येई तो रस्त्यात भेटलेल्या गरजूच्या हाती जाई आणि घरात चूल थंड राही. लक्ष्मीबाईंनी पुढे स्मृतिचित्रे ह्या आपल्या पुस्तकात हे सर्व विनोदाने सांगितले आहे. पण ज्या दिवशी ते घडत होते त्या दिवशी त्यांस हसू आले असेल असे आम्हांस वाटत नाही. रागही टिळकांस फार लवकर येई. थोर पुरुषांच्या चरित्रातून असल्या गोष्टी गाळण्याची चाल आहे, ती आम्हांस पसंत नाही.

नागपुरास आल्यावर मात्र दिवस पालटले. तेथील श्रीमंत गृहस्थ अप्पासाहेब बुटी ह्यांनी त्यांस आश्रय दिला. संस्कृत ग्रंथांचे संशोधन व भाषांतर असे त्यांच्या योग्यतेचे काम मिळाले. ऋषी नावाचे मासिक ते चालवू लागले. धर्मविषयांवर त्यांचे लेख वाचले जाऊ लागले, शीघ्रकवी म्हणून कीर्ती झाली, सभांतून बोलावणी येऊ लागली. वऱ्हाड-नागपुराकडील सुशिक्षित मंडळींत त्यांच्या शब्दास वजन आले. एखाद्या निर्धन कोकणी ब्राह्मणास ह्याहून अधिक ते काय हवे? धनिकाचा आश्रय, विद्वानांत मान आणि स्वधर्माचा पुरस्कर्ता म्हणून लोकांत नाव, ह्या तिन्ही गोष्टी तिशीच्या आतबाहेर त्यांच्या घरी चालून आल्या होत्या.

परंतु त्यांच्या मनास स्वस्थता नव्हती. देशाची दैना त्यांस दिसत होती. जातिभेदाने समाजाचे तुकडे झाले आहेत व ते ईश्वराने केलेले नसून माणसांनी केलेले आहेत, असे त्यांचे मत बनत चालले होते. जुन्या ग्रंथांवर आंधळा भरवसा ठेवू नये, सर्व मनुष्ये एका पित्याची लेकरे आहेत, अशा काही तत्त्वांवर आपणच एक नवा धर्म उभारावा, असाही त्यांचा विचार होता. हिंदुस्थानास नवा धर्म हवा आणि त्याचा संस्थापक आपण व्हावे! ह्या महत्त्वाकांक्षेस हसण्याचे कारण नाही. तीत देशप्रेम खरे होते आणि अहंकारही खरा होता. तरुण माणसाच्या अंगी ही दोन्ही एकत्र नांदू शकतात.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आपल्या जिल्ह्यातून धावणाऱ्या रेल्वेत घडली. १८९३ साली टिळक कामाच्या शोधात नागपुराहून राजनांदगावास निघाले. राजनांदगाव हे तेव्हा बैरागी राजांचे लहानसे संस्थान होते. नागपुराहून तिकडे जाणारी बंगाल-नागपूर कंपनीची रुंद रुळांची गाडी त्या वेळी नवीनच होती. पूर्वीची अरुंद लाइन कंपनीने घेऊन चारपाच वर्षांमागेच बदलली होती. ही वाट वाचकांपैकी पुष्कळांच्या पायाखालची आहे. कामठी सोडली की भंडारा रोडचे वरठी स्टेशन, मग तुमसर, पुढे वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, आणि दरेकशाचा डोंगर ओलांडला की छत्तीसगडचा मुलूख. त्या काळी गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होते; तो जिल्हा निराळा झाला तो १९९९ साली. दोन्ही बाजूंस धानाच्या बांध्या, मधून मधून तलाव व पळसाची झाडे, असा हा प्रदेश पाहत टिळक डब्यात बसले होते.

त्या डब्यात एक गोरे गृहस्थ होते. त्या काळच्या गोऱ्या प्रवाशांचा एतद्देशीयांशी गाडीत जो वर्ताव असे तो काही सांगण्यासारखा नाही. टिळकांनीही तशीच अपेक्षा केली असावी. पण हे गृहस्थ सौजन्याने बोलू लागले. त्यांनी संस्कृत काव्याची गोष्ट काढली व आदराने काढली. बोलणे कवितेवरून धर्माकडे वळले. हे गृहस्थ अर्नेस्ट वॉर्ड नावाचे अमेरिकन मिशनरी होते. वाद घालून त्यांनी टिळकांस जिंकले नाही. तसे करते तर टिळक त्यांस केव्हाच पुरे पडले असते. त्यांनी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि हा मनुष्य दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती होईल असे भाकित करून निरोप घेतला. टिळकांस त्या भाकिताचे त्या दिवशी हसूच आले असावे. नवा धर्म स्थापू पाहणाऱ्याला कोणी दुसऱ्याचा शिष्य होशील असे सांगावे, ही काही रुचणारी गोष्ट नव्हे.

वचन दिले होते म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. आरंभीच्या पानांवर ते अडखळत होते. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तेथून त्यांस पुढे जाववेना. पुनःपुन्हा तेच तीन अध्याय. ज्या नव्या धर्माचा आराखडा आपण कागदावर काढीत होतो, त्याहून फार खोल गोष्ट येथे आधीच सांगितलेली आहे आणि ती सांगणारा ती जगलाही आहे, असे त्यांच्या प्रत्ययास आले. संस्थापक होण्याची हौस तेथेच मावळू लागली. आमच्या मते टिळकांचा पहिला मोठा त्याग हाच होय. जात पुढे गेली, घर पुढे गेले. पण गुरू होऊ निघालेल्या माणसाने शिष्याच्या जागी बसणे हे ह्या सर्वांच्या आधी झाले, आणि त्याला कोणी साक्षीदार नव्हता.

येथून बाप्तिस्म्यापर्यंतचा काळ मात्र वीराचा नव्हे, चाचरणाऱ्या माणसाचा आहे, व म्हणूनच तो आपणांस अधिक जवळचा वाटतो. त्यांनी ख्रिस्ती वर्तमानपत्रांत लिहावयास आरंभ केला तो आपले नाव लपवून. मुंबईस अमेरिकन मिशनाच्या ॲबट साहेबांशी पत्रव्यवहार चालविला. रात्रीच्या अंधारात प्रभूकडे येणारा निकदेम आपणांस ठाऊक आहे. योहानाच्या शुभवर्तमानात असेही काही अधिकारी आहेत, की ज्यांचा विश्वास बसला होता, पण सभास्थानातून घालवून देतील ह्या भीतीने जे उघड बोलले नाहीत. टिळक काही काळ त्याच ओळीत उभे होते. त्यांस स्वतःच्या उपासमारीचे भय नव्हते. उपासमार त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. भय होते ते पत्नीचे व लहानग्या मुलाचे. एक मूल पूर्वीच वारले होते. आता दत्तू हाच एक होता. आपण ख्रिस्ती झालो की ही दोघे आपणांस अंतरतील, हे त्यांस स्पष्ट दिसत होते.

गोष्ट लपली नाही. लेख कोणाचे हे लोकांनी ओळखले. काल ज्यांनी मान दिला ते आज रस्त्यात तोंड फिरवू लागले. राजनांदगावी राहणे कठीण झाले, आश्रय तुटला. आपल्या खेड्यांतील वाचकांस ह्याचा अर्थ अधिक समजावून सांगावयास नको. मालगुजारीच्या दिवसांत ज्या कुटुंबाने गावाच्या मर्जीविरुद्ध पाऊल टाकले, त्याला विहिरीवर कोण उभे राहू देई आणि कोणाच्या बांधीवर काम मिळे? शहरातील पंडिताची विहीर निराळ्या प्रकारची असते इतकेच. सभा, मासिके, धनिकांचे वाडे ही त्याची पाणी भरण्याची जागा. ती एका दिवसात बंद झाली.

१८९५ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईत अमेरिकन मिशनाच्या मंडळीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या साहेबाच्या नव्हे, तर आपल्या देशातील पाळकाच्या हातून झाला, ही लहानशी गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. वॉर्ड साहेबांनी सांगितलेली दोन वर्षांची मुदत खरी ठरली.

आता लक्ष्मीबाईंकडे वळू. त्या वेळी त्या आपल्या नातलगांकडे होत्या. पतीने त्यांचा विचार घेतला नव्हता. बातमी कानी पडली तेव्हा त्यांची जी अवस्था झाली तिचे वर्णन करणे आमच्या लेखणीस जमणार नाही. नवरा मेला असता तर निदान रडण्याची रीत तरी ठरलेली होती. येथे नवरा जिवंत, कपाळी कुंकू, आणि तरी घरात सुतक. नातलगांनी त्यांस टाकले नाही, हे त्या नातलगांच्या बाजूने अवश्य लिहून ठेविले पाहिजे. पंढरपुरास बहिणीच्या कुटुंबात त्या मुलासह राहिल्या. धर्मांतराच्या कथा सांगताना आपण मागे राहिलेल्या माणसांस कधी कधी केवळ अडथळा म्हणून दाखवितो. हा अन्याय आहे. त्यांनीही आपल्या समजुतीप्रमाणे धर्म पाळला, पुष्कळ प्रीतीने पाळला, आणि ज्या दुःखात त्यांचा काही अपराध नव्हता ते सोसले. लक्ष्मीबाईंस लिहिणेवाचणे टिळकांनीच थोडेफार शिकविले होते. त्या तुटपुंज्या अक्षरांनी त्या बाईंनी ह्या विरहात कविता रचावयास आरंभ केला.

सरकारी कायदा ह्या बाबतीत टिळकांच्या बाजूचा होता, हे पुष्कळांस ठाऊक नाही. १८६६ साली असा कायदा झालेला होता की, कोणी ख्रिस्ती झाला व त्याची पत्नी त्या कारणास्तव त्याच्यापाशी राहावयास तयार नसली, तर ठराविक मुदतीनंतर त्याला न्यायालयातून तो विवाह मोडून घेता येई व दुसरा करता येई. टिळक तेव्हा चौतिशीचेही नव्हते. मिशनात मान होता, नगरास ख्रिस्ती शिक्षकांस शिकविण्याचे काम मिळाले होते. त्यांनी कायद्याकडे पाहिले नाही. पत्रे लिहिली, वाट पाहिली, पुन्हा लिहिली. ज्या सत्यासाठी आपण घर सोडले ते सत्य पत्नीच्या गळ्यात दोरी बांधून तिला ओढून आणण्याची परवानगी देत नाही, हे त्यांस समजले होते. रागीट माणसाने दाखविलेला हा धीर आम्हांस त्यांच्या बाप्तिस्म्याइतकाच मोठा वाटतो.

चार वर्षांहून अधिक काळ असा गेला. मग लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरास आल्या. पण हिंदूच राहून आल्या. त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी, सोवळे वेगळे. त्यांचे वडील सोवळ्याच्या बाबतीत अतिशय कडक होते व लहानपणापासून त्या त्याच धाकात वाढल्या होत्या. ख्रिस्ती टिळकांनी ह्या ब्राह्मण पत्नीच्या सोवळ्याची व्यवस्था लावून दिली आणि तिच्यामागे बाप्तिस्म्याचा लकडा लाविला नाही. तिच्या मनातील जातीची भिंत आतून खचत गेली. देवाने माणूस केला, जात माणसाने केली, हे एके दिवशी तिला कोणाच्या उपदेशावाचूनच उमगले. १९०० साली लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला.

पुढील वर्षांची हकीकत आम्ही थोडक्यात सांगतो. दुष्काळ व प्लेग ह्यांच्या दिवसांत ह्या पतिपत्नींचे घर अनाथ मुलांनी भरलेले असे. १९०४ साली टिळकांस पाळकपणाची दीक्षा मिळाली व ते रेव्हरंड झाले. त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळीस आपल्या मातीतील गाणे दिले. तोवर उपासनेत विलायती चालींवर बसविलेली, ओढूनताणून केलेली भाषांतरे पुष्कळ असत. टिळकांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन ही वारकऱ्यांची भांडी घेऊन त्यांत शुभवर्तमानाचे दूध ओतले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. १९१२ सालापासून ज्ञानोदय ह्या साप्ताहिकाच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. बालकवी ठोमरे हा तरुण हिंदू कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. वनवासी फूल व इतर काव्यांमुळे सबंध महाराष्ट्रातील रसिक त्यांस ओळखू लागले. जी कीर्ती १८९५ साली गेली होती ती अशा रीतीने दुसऱ्या दाराने घरात आली. ब्राह्मण साहित्यिकही त्यांच्या कवितेस मान देऊ लागले.

येथे दुसरी परीक्षा उभी राहिली, आणि ती अधिक कठीण होती. पहिल्या वेळी समोर परके होते, निदान परके होऊ लागलेले होते. ह्या वेळी समोर आपलेच बंधू होते. ज्या मिशनाने अडचणीच्या काळी आधार दिला, पगार दिला, छापखाना दिला, त्याच मिशनाच्या कारभारात टिळकांस एक गोष्ट खटकत होती. साहेब धनी आणि देशी ख्रिस्ती चाकर, असे नाते मंडळीत पडले होते. पगाराची किल्ली ज्याच्या हाती त्याच्या मताला मान, ही जगाची रीत ख्रिस्ताच्या घरात शिरली होती. मिशनरी मनाने दुष्ट होते असे टिळकांनी कधी म्हटले नाही. त्यांच्यापैकी कित्येक त्यांचे जिवलग मित्र होते. परंतु बाप आणि लेकरू हे नाते जन्मभर चालत नाही, लेकरू मोठे होते, आता बंधू व्हा, असे ते स्पष्ट बोलत व लिहीत. ख्रिस्ती झाल्याने आपण कमी हिंदी झालो नाही, उलट आपले देशावरील प्रेम वाढले, असेही ते सांगत. देशगीते लिहिणारा रेव्हरंड ही त्या काळी अनेकांस न पचणारी गोष्ट होती.

दोन्हीकडचे लोक त्यांजविषयी साशंक झाले. काही हिंदू म्हणत की हा मिशनाचा पगारी माणूस, ह्याच्या देशभक्तीवर काय भरवसा ठेवावा. काही ख्रिस्ती म्हणत की हा पुन्हा हिंदू होऊ पाहतो, कीर्तने काय करतो, संतांची नावे काय घेतो. दोन्हीकडचा संशय एका युक्तीने टळला असता. एकेका सभेत एकेका पक्षाला रुचेल तेवढेच बोलावयाचे! सुज्ञ म्हणविणारे पुष्कळ लोक असेच करतात. आमच्याही मंडळ्यांतून, साहेब आले की एक बोलणे आणि गावच्या चावडीत दुसरे, अशी माणसे होऊन गेली व अजूनही नाहीत असे नाही. टिळक जे नगरच्या चर्चमध्ये बोलत तेच कवींच्या बैठकीत बोलत, आणि दोन्हीकडे थोडे थोडे अप्रिय होत.

१९१७ साली त्यांनी मिशनाचा पगार व नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. वय पंचावन्न, शरीर थकत चाललेले. पेन्शन खाऊन कविता करावी असे ते वय. मिशनाशी त्यांनी भांडण केले नाही, प्रीतीचे संबंध तोडले नाहीत. फक्त पगारी सेवकाचा दावा गळ्यातून काढला. मग साताऱ्यास देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ त्यांनी आरंभिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, जे जे ख्रिस्तास गुरू मानतात त्या सर्वांनी जात, पंथ व परकी सत्ता ह्यांचे ओझे बाहेर ठेवून येथे एकत्र यावे, ही त्यातील कल्पना होती. ती पुष्कळांस पटली नाही. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यपण कसे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारणारे विचारतील. आमच्या मते त्या प्रश्नात तथ्य आहे. टिळकांचे प्रत्येक मत बरोबरच होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु जे त्यांस खरे वाटले ते त्यांनी पगार खिशात ठेवून नव्हे, पगार परत करून सांगितले.

आणि लक्ष्मीबाई? पूर्वी पतीने ख्रिस्तासाठी घर सोडले तेव्हा त्या रडल्या होत्या. आता पती संन्यासी झाला, तोही ख्रिस्तासाठीच, आणि घरात पुन्हा उद्याची विवंचना. संन्याशाची पत्नी म्हणून संसार कसा चालवावा हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. पण ह्या खेपेस त्यांच्यात फरक पडला होता. त्या आता कोणाच्या मागे ओढल्या जाणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांस स्वतःचा विश्वास होता, स्वतःची कविता होती आणि पतीच्या तऱ्हेवाईकपणावर हसण्याइतके स्वतःचे मन होते.

देवाच्या दरबाराचे रोप रुजावयास वेळ मिळाला नाही. १९१९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईत इस्पितळात टिळकांनी देह ठेविला. आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे आपल्या देहास अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती व ती पाळण्यात आली. अस्थी नगरास नेण्यात आल्या. मृत ख्रिस्ती मनुष्यास जाळावे की पुरावे, ह्यावरून त्या काळी ख्रिस्ती समाजात काय बोलले गेले असेल ह्याची कल्पना वाचकांनी करावी. मेल्यावरही त्यांनी दोन्ही बाजूंस बोलावयास जागा ठेविली.

त्यांच्या मागे एक मोठे काम अपुरे राहिले होते. प्रभूचे सबंध चरित्र ओवीबद्ध करावे, ज्ञानेश्वरी व रामविजयासारखे ते घरोघर मोठ्याने वाचले जावे, ह्या हेतूने त्यांनी ख्रिस्तायन हा ग्रंथ आरंभिला होता. त्यांच्या हातून सुमारे अकरा अध्याय झाले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जिला शाळा ठाऊक नव्हती, जिने ह्याच ख्रिस्ताच्या नावाने आपला संसार मोडला म्हणून वर्षानुवर्षे आकांत केला होता, तिनेच म्हातारपणी एकेक ओवी जुळवीत त्याचे चरित्र वधस्तंभापर्यंत आणून पोहोचविले. १९३६ साली त्या वारल्या. दत्तू, म्हणजे देवदत्त नारायण टिळक, ह्यांनी तो ग्रंथ १९३८ साली छापून प्रसिद्ध केला.